मुंगसाळवाडीत नारळ उभारला

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या सहलीत पाण्याची सगळी व्यवस्था माझ्याकडं होती आणि ती व्यवस्था चोख होती. पाणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी!

मी अमृतराव. लातूरच्या एका सरकारी कार्यालयात भांडारपाल. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची ही हकीकत. जिल्हा नवा, टेबलं नवी, पाट्यांच्या रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. जुना होता तो दुष्काळ. दोन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून जात होता. कार्यालयात पाण्याचे तीन माठ होते, त्यातले दोन मी कुलपात ठेवले होते. रिकामा माठ समोर दिसला की माणसाला दुप्पट तहान लागते, हा माझा अनुभव. बावीस वर्षं भांडार सांभाळून नजर तशी झाली आहे. माणूस दारातून आला की तो काय घेऊन आला आणि काय घेऊन जाणार, एवढंच मला आधी दिसतं. चेहरा नंतर.

आमचे नवे साहेब नाशिककडचे. आठवड्यातून एकदा कुठला तरी डोंगर चढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बदलून आल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "इथं डोंगर कुठे आहे?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. सरकारी प्रश्न होता आणि उत्तर कुणाच्याच फायलीत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू डोंगर माझ्याच भांडारात पडून होता!

मी उभा राहिलो. "साहेब, माझं आजोळ देवणीकडं. तिकडं म्हाळप्पाचं बेट आहे. आमच्याकडं डोंगराला बेट म्हणतात. घळीतून चढायचं, वर सपाटीला देऊळ, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी खाली."

"आणि पाणी?"

"घळीत बारमाही झरा आहे, साहेब. पिऊन संपत नाही! तरी आपण दोन छागली भरून नेऊ. सगळं माझ्यावर सोडा."

झरा मी शेवटचा बघितला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, हे सांगायची तेव्हा गरज वाटली नाही.

मार्चमधला दुसरा शनिवार ठरला. साहेब, मी आणि ड्रायव्हर व्यंकट. खासगी कामाला सरकारी जीप वापरायची नाही, असा साहेबांचा नियम. त्यामुळं व्यंकटला पायी यावं लागणार होतं आणि तो अपमान त्यानं मनाला फार लावून घेतला होता. तीस वर्षं स्टिअरिंगमागं बसलेला माणूस! "अण्णा," तो मला म्हणाला, "माझे पाय क्लच आणि ब्रेक, एवढ्यापुरतेच हायती."

साहेबांच्या पाठीवर लोखंडी चौकटीची झकास पिशवी होती. मी एका बारदानाला दोन पट्टे शिवून घेतले होते. त्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, घोंगडं, दोर, बॅटरी आणि भांडाराचं रजिस्टर. वरच्या देवासाठी एक नारळ. दोन्ही छागली, म्हणजे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या, भरून व्यंकटच्या ताब्यात दिल्या आणि पोच लिहून त्याची सही घेतली. आमच्याकडं काम असं चालतं.

पहाटेची देवणी गाडी पकडली. छागल वाऱ्याला टांगली की पाणी गार होतं, हे जीप चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. व्यंकटनं दोन्ही छागली खिडकीच्या गजाला बाहेरून टांगल्या. मी त्याच्या हुशारीचं कौतुकही केलं. मुंगसाळवाडीच्या फाट्यावर आम्ही तिघं उतरलो, पट्टे आवळले, साहेबांनी लांब श्वास घेतला, गाडी धूळ उडवीत गेली.

"व्यंकट," मी म्हणालो, "छागली?"

व्यंकटनं धुळीकडं बोट केलं. "देवणीला चालल्या!"

माझ्या खिशात पोच होती. व्यंकटची सही स्वच्छ वाचता येत होती. पण काही वेळा कागद पूर्ण असूनही माणूस उघडा पडतो.

"परत फिरायचं का?" साहेबांनी विचारलं.

तिथंच हो म्हणालो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण तोंडातून निघालं, "छे, साहेब! घळीत झरा आहे ना!"

घळ तापलेल्या तव्यासारखी होती. दोन्हीकडं काळे कातळ, मधे गोटे, सावली म्हणून एक निवडुंग. नारळ बारदानात ठेवला तर रजिस्टरखाली फुटेल आणि देवाचा नारळ जमिनीला टेकवायचा नाही ही आईची शिस्त. म्हणून तो मी उघड्या तळहातावर आडवा धरून चालत होतो. व्यंकटची नजर नारळावरून हलत नव्हती.

"अण्णा, आत पाणी असतंय त्याच्यात."

"देवाचा आहे."

"देवाला कुठं बेट चढायचंय!"

अकराच्या सुमाराला आम्ही झऱ्यापाशी पोचलो. म्हणजे जिथं झरा होता तिथं. कातळाच्या सांध्यात पावलाएवढा ओलसर डाग होता. त्या डागावर पन्नासएक मधमाश्या बसल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर चढून. आम्ही तिघं उभे राहून त्या माश्यांकडं बघत राहिलो. साहेबांनी हळूच टोपी काढली.

वर चढण्यात अर्थ नव्हता. घळीच्या पलीकडच्या अंगाला मुंगसाळवाडीचा ओढा लागतो, तिकडं उतरायचं ठरलं. ओढ्याच्या कोरड्या वाळूत पाच-सहा बाया एका खड्ड्याभोवती बसल्या होत्या. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. वाळूतून पाणी झिरपतं, तळाशी वाटीभर साठलं की वाटीनं उपसायचं, मग पुन्हा वाट बघायची. त्यांच्यातली एक साठीची बाई, कपाळाला भस्माचे पट्टे, नुकतीच उठून उभी राहिली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. तिचं नाव नीलम्मा हे नंतर कळलं. तिनं आमच्याकडं बघितलं आणि त्याच क्षणी ओढ्याच्या काठावरून माझा पाय सुटला.

मी घसरलो. चांगला दहा हात घसरलो! पण बावीस वर्षांची सवय. भांडारपाल पडतो, माल पडू देत नाही. मी वाळूत बुडावर आपटलो तेव्हा माझा उजवा हात सरळ वर होता आणि तळहातावरचा आडवा नारळ शेंडी आभाळाकडं करून उभा होता.

"उभारला!" एक बाई ओरडली. "नारळ उभारला गं!"

आमच्या भागात विहिरीची जागा शोधणारा पाणाडी तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातून फिरतो. जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो, असं लोक मानतात. उन्हात, बिनशेळ्यांचा, बिनकामाचा, हातात नारळ घेऊन डोंगरातून उतरलेला माणूस दुसरा कोण असणार?

"पाणाडी हाव का, अण्णा?" नीलम्मानं विचारलं.

"नाही, अव्वा. मी भांडारपाल."

"म्हंजी काय करता?"

"सरकारी सामान सांभाळतो."

तिनं आमच्या तिघांच्या फुटलेल्या ओठांकडं एकदा बघितलं. "काय सांभाळलं मंग?"

व्यंकटला हसू आलं, पण घसा कोरडा असल्यानं ते बाहेर पडलं नाही. नीलम्मानं घागर उतरवली, चुंबळ कमरेला खोचली आणि तांब्या भरून पुढं केला. पहाटेपासून बसून अर्धी घागर भरली होती तिनं, वाटीवाटीनं. तो तांब्या किती वाट्यांचा होता, हे मला न मोजता कळलं. आधी साहेब प्यायले, मग व्यंकट, मग मी. घोट खाली उतरला आणि मान आपोआप खाली गेली.

"सोमवारी बोअरची गाडी येतीया," नीलम्मा म्हणाली. "येका गावाला येकच भोक. लागलं तर हापसा बसवत्यात, न्हाई तर गाडी म्होरल्या गावाला. पाण्याच्या खात्याच्या साहेबाचा खुणेचा पिवळा दगड मलप्पा पाटलाच्या रानात हाय. तारंच्या कुंपणात. तिथं पाटलाचं कुत्रं बी हाय."

"मग तिथंच लागेल, अव्वा. दगड साहेबानं बघूनच ठेवला असेल."

"आसंल." तिनं तांब्या परत घेतला. "अण्णा, आमचं पाणी पिलात. येकदा गावातून ह्यो नारळ घिऊन चाला. पाणाडी नसाल तर न्हाई उभारायचा. एवढंच की!"

तिच्या या बोलण्यात मला कुठंच फट सापडली नाही. आणि पोटात तिचं पाणी होतं.

गावात पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं पोचली होती. पारावर म्हातारे, दारात बाया, कुठून तरी हलगीही आली! साहेबांना खोटेपणा सहन होत नाही. ते पारावर चढले.

"हे पाहा, गैरसमज नको. आम्ही कुठल्याही कामासाठी आलेलो नाही. आम्ही डोंगर चढायला आलो होतो."

"कशापायी?" गुरुपादप्पांनी विचारलं. गावातले सगळ्यात वयस्कर.

"आनंदासाठी."

हलगी थांबली. गुरुपादप्पांनी आधी बेटाकडं बघितलं, मग सूर्याकडं, मग साहेबांकडं. मग शेजारच्याला समजावून सांगितलं, "सरकारी काम हाय. गुपित हाय. इचारू नगा."

एवढ्यात मलप्पा पाटील आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर पंचा. आल्याआल्या म्हणाले, "ह्यो काय तमाशा हाय? पॉइंट ठरलेला हाय. खात्याचा दगड हाय माझ्या रानात!"

"चालू द्या की, पाटील," नीलम्मा खाली बघत म्हणाली. "नारळ तुमच्या रानाकडंच वडत न्हेईल त्यास्नी. भ्या कशाचं?"

लोक हसले. पाटलांना गप्प बसावं लागलं.

मी निघालो. नीलम्मा माझ्या पुढं दोन पावलं, उलटी चालत, "हिकडं, अण्णा... हळू... नारळाकडं बघा, खाली बघू नगा." मागं हलगी, मागं अख्खा गाव. पाटलाच्या वाड्यावरून गेलो, काही नाही. शाळेवरून गेलो, काही नाही. मनात हायसं वाटत होतं. असाच आडवा राहू दे, बाबा, म्हणजे सुटलो! बसवण्णाच्या देवळासमोरच्या मैदानात शिरलो. डोळे नारळावर. आणि पायाखाली काहीतरी मऊ आलं.

मी गुडघ्यांवर कोसळलो. हात वर. नारळ उभा!

पुढचा गदारोळ सांगत नाही. बाया रडत होत्या, हलगीवाला वेडा झाला होता, व्यंकट हात जोडून माझ्याकडं बघत होता. इतक्या वर्षांचा सहकारी! मी मात्र मलप्पा पाटलांकडं बघत होतो. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही, पाटील. आपोआप झालं."

त्यांनी पंच्यानं मान पुसली आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "देवाचा कौल हाय! हितंच घ्या बोअर!"

माझ्या अंगात काहीतरी तेज असावं, असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटून गेलं. पाटलासारखा माणूस एका शब्दात वळला!

पण रात्र देवळात काढली ती तळमळत. एका गावाला एकच भोक. खात्याच्या माणसानं अभ्यास करून ठेवलेला दगड सोडून हे लोक माझ्या अडखळण्यावर बोअर घेणार. धूळ निघाली तर? नीलम्मा त्या झिऱ्यावर वाटी घेऊन आणखी किती उन्हाळे बसणार? सकाळी मी सगळ्यांना पारापाशी बोलावलं.

"मी पाणाडी नाही. मी पाय अडखळून पडलो. नारळ मी सवयीनं सांभाळला. तुम्ही दगड आहे तिथंच बोअर घ्या."

गुरुपादप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा. खोटा पाणाडी दहादा सांगतो मी पाणाडी म्हणून. खरा कधी हाव म्हणत न्हाई."

"अहो, मला काही येत नाही!"

"खरे असत्यात ते हे बी म्हणत्यात."

"आजोबा, माझं ऐका—"

"दक्षिणा बी मागितली न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माझ्या पायाला हात लावला.

सोमवारी कार्यालयात माझं चित्त नव्हतं. झाडूच्या जागी फिनेल दिलं, फिनेलच्या जागी टाचण्या. मंगळवारी दुपारी देवणी गाडीचा कंडक्टर आमच्या दोन छागली घेऊन आला. दोन्ही खडखडीत.

"मुंगसाळवाडीचं कळलं का?" तो म्हणाला. "एकशेवीस फुटांवर पाणी! गाडीवाले भिजून निघाले. आणि चमत्कार म्हणजे, सोमवारी पहाटे खात्याचा पिवळा दगड पाटलाच्या रानातून आपोआप मैदानात आला होता. नारळाच्या जागेवर! लोक म्हणतात, चालत आला."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, आधी डोळे भरून आले. ते रडणं प्रामाणिक होतं. पण त्यानंतरचं सगळं तसं नव्हतं.

दोन आठवड्यांत मी बदललो. लोक कार्यालयात येत, "अमृतराव आहेत का? नारळवाले?" मी सुरुवातीला नाही म्हणायचो. मग नाही म्हणताना थोडा हसायला लागलो. मग टेबलाच्या खणात एक नारळ ठेवायला लागलो. दुपारी कुणी नसताना तो तळहातावर घेऊन व्हरांड्यातून फिरून बघायचो. माठांच्या कुलपापाशी तो जरा हलल्यासारखा वाटे! साहेबसुद्धा मला "अमृतराव" ऐवजी "अमृतरावजी" म्हणायला लागले.

हापसा बसला. गावानं पूजेला बोलावलं. साहेबांना दौरा होता; मी आणि व्यंकट गेलो. या वेळी दोन्ही छागली माझ्या स्वतःच्या खांद्याला. मैदानात हापशाभोवती रांगोळी, घागरींची रांग, पोरी दांड्याला लोंबकळत होत्या. पाणी धो धो पडत होतं. मला हार घातला. शेजारच्या गावची चार माणसंही आली होती, निवृत्ती नावाचे सरपंच पुढं. "पुढल्या सोमवारी आमच्याकडं गाडी येतीया. तुम्ही येऊन जागा दाखवा. आमच्याकडंबी येकच हाय."

मी नारळाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि धीरगंभीर आवाजात म्हणालो, "येईन."

गर्दी जेवायला बसली तेव्हा नीलम्मानं मला देवळाच्या पायरीवर बोलावलं. तांब्या पुढं केला. काठोकाठ भरलेला. मग कमरेची चुंबळ काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"वळखती का?"

"नाही बुवा."

"तुमच्या पायाला इचारा."

मी चुंबळीकडं बघितलं. जुन्या लुगड्याची, गोल, मऊ. पायाखाली मऊ आलेलं मला आठवलं आणि तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं.

"खात्याच्या साहेबानं दगड हितंच रवला होता," ती शांतपणे सांगत होती. "मी ह्याच पायरीवर वाती वळत बसले होते. तिसऱ्या दिवशी पहाटं पाटलाच्या गड्यानं त्यो उचलून कुंपणात न्हेला. मी पाह्यलं. पण सांगू कुणाला? त्याच्याच रानात खुरपाया जाते मी. माझ्या सांगण्यानं दगड माघारी आला नसता, माझं कामच गेलं असतं. मंग तुम्ही आलात. झिऱ्यापाशी आपटलात, पण नारळ पडू दिला न्हाई. म्हणलं, ह्यो माणूस कामाचा हाय."

चुन्यासारखा चेहरा. 'कुणी सांगितलं तुम्हाला?' चालत आलेला दगड. सगळ्या नोंदी जागच्या जागी बसल्या. बावीस वर्षं मी माणसं वाचतो म्हणून मिरवत होतो आणि या बाईनं मला वाळूत बसलेला बघून अर्ध्या मिनिटात वाचलं होतं.

"म्हणजे, अव्वा..." माझा आवाज बारीक झाला. "मला काहीच येत नाही?"

"येतंय की. पडाया येतंय."

हापशाचा आवाज येत होता.

"निवृत्तीला हाव म्हणालात न्हवं?" ती म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तिथं माझी चुंबळ न्हाई, अण्णा. त्यांच्याबी बाया झिऱ्यावर बसत्यात."

मी उठलो. गळ्यातला हार काढून देवळाच्या खुंटीला अडकवला. निवृत्तींकडं गेलो आणि म्हणालो, "मी येणार नाही. मला काही कळत नाही. खात्याच्या साहेबाचा पिवळा दगड जिथं आहे तिथंच बोअर घ्या. फक्त तो दगड जिथं रोवला होता तिथंच आहे का, हे गावातल्या बायांना विचारून घ्या."

निवृत्तींनी मागं वळून आपल्या माणसांकडं बघितलं. "म्हणलं न्हवतं? खरा पाणाडी हाव म्हणत न्हाई!" आणि चौघांनी माझ्या पायाला हात लावला. पण दगडाचं मात्र त्यांनी विचारून घेतलं, असं पुढं कळलं. पाणीही लागलं. तेही माझ्याच नावावर पडलं. मी काय करणार!

संध्याकाळी आम्ही फाट्याकडं निघालो. चार मैलांची वाट, उन्हं अजून तापलेली. गावाबाहेर पडलो तेवढ्यात मागून नीलम्माची हाक आली.

"अण्णाऽऽ! म्होरल्या खेपंला बेट चढाया आलात तर पाणी संगट ठिवा!"

"आहे, अव्वा! या वेळी आहे!" मी ओरडलो आणि खांद्याच्या दोन्ही छागली उंच करून दाखवल्या.

त्या वाऱ्यावर हलक्या हलक्या डुलल्या. दिवसभर धो धो वाहणाऱ्या हापशाशेजारी बसून हार घालून घेतला, जेवलो, उपदेश ऐकला. छागली भरून घ्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या!

पोच? पोच होती. खिशातच होती. माझी स्वतःची सही.